शॉर्ट की खराब अर्थिंग? गाडीच्या वायरिंगमधला नेहमीचा घोळ

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावले की हॉर्नचा आवाज बसतो, सेल्फ मारला की नुसती टिकटिक. अशी तक्रार घेऊन गेलं की ऐकायला मिळतं, "कुठंतरी शॉर्ट आहे, वायरिंग उघडावं लागेल." मग डॅशबोर्ड खोलला जातो, निम्म्या वायरिंगला नवीन टेप चढते आणि गाडी पहिल्या पावसात पुन्हा तेच करते. या तिन्ही लक्षणांमागे शॉर्ट क्वचितच असतं. अर्थिंग ढिलं किंवा गंजलेलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

गाडीत घरातल्यासारख्या दोन वायरी बॅटरीपासून दिव्यापर्यंत जात नाहीत. प्लसची वायर फ्यूज आणि स्विचमधून दिव्यापर्यंत येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा, आणि तिथून जाड काळ्या केबलने बॅटरीचा मायनस. या परतीच्या रस्त्यालाच अर्थिंग म्हणतात. प्लसची वायर दिव्याच्या आधीच सोलवटून पत्र्याला टेकली की शॉर्ट. करंटला अडवायला मध्ये काहीच उरत नाही आणि फ्यूज उडतो. अर्थिंग खराब असेल तर गोष्ट नेमकी उलटी: जाताना सगळं ठीक, अडथळा परतीच्या वाटेवर. करंट वाढत नाही, कमी होतो. त्यामुळे फ्यूज शाबूत राहतो.

म्हणून पहिला प्रश्न फ्यूजचाच. उडाला असेल तर त्याच अँपिअरचा नवीन लावा (10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा) आणि तो कधी उडतो ते बघा. लावताक्षणी उडाला, तर दोष स्विचच्या अलीकडे. स्विच दाबल्यावर उडाला, तर पलीकडे. दार किंवा डिकी उघडताना उडाला, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत हात घाला, रोजच्या उघडझापीने वायर तिथे सोलवटते. खड्ड्यात उडाला, तर वायर एखाद्या धारदार कडेवर घासतेय. उंदरांनी कुरतडलेली आणि बाहेरून बसवलेल्या हॉर्न-कॅमेऱ्यासाठी मधेच सोलून जोडलेली, ही आणखी दोन नेहमीची ठिकाणं. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं. पुढे जळते ती वायर.

शॉर्ट शोधायला फ्यूजमागून फ्यूज जाळायची गरज नाही. त्या लाइनवरचे बल्ब काढून ठेवा, फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटेल. आता वायरिंग थोडं थोडं हलवत जा, कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग) एकेक करून सोडा. बल्ब विझला की दोष तिथेच. शॉर्टचं काम एवढ्यावर मिटतं.

अर्थिंगचं तसं नाही, ते फसवतं. मागच्या दिव्यातला दोन फिलामेंटचा बल्ब घ्या: 21 वॅट ब्रेकचा, 5 वॅट टेलचा, आणि दोघांचं अर्थिंग एकच. ते तुटलं आणि तुम्ही ब्रेक दाबला, की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. तो 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेललाइटच्या लाइनवर चढतो आणि दुसऱ्या बाजूचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा, काही गाड्यांत डॅशबोर्डचे दिवे यांच्यातून पत्र्यावर उतरतो. दिवे बंद असताना ब्रेकवर डॅशबोर्ड अंधुक उजळतो तो असा. बघणाऱ्याला वाटतं वायरी एकमेकींना चिकटल्यात.

व्होल्ट-ओहम मोजायचा मल्टिमीटरही इथे दिशाभूल करतो. होल्डरमधून बल्ब काढून मोजलं तर खराब अर्थिंगवरही पूर्ण 12 व्होल्ट दिसतात, कारण डिजिटल मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. कंटिन्युइटीचा (वायर अखंड आहे का ते सांगणारा) बीपसुद्धा वायरमधली एकच बारीक तार शाबूत असली तरी वाजतो. 55 वॅटच्या हेडलाइटच्या अर्थिंगमध्ये अर्धा ओहम जरी अडथळा आला, तरी बल्बला 12 ऐवजी साधारण 10 व्होल्ट मिळतात आणि उजेड जवळपास निम्म्यावर येतो. सेल्फ तर दीडदोनशे अँपिअर ओढतो. तिथे ओहमचा शंभरावा भागसुद्धा दीड-दोन व्होल्ट खातो, आणि एवढा बारीक ओहम साध्या मीटरवर धड मोजताच येत नाही.

म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर (वरच्या क्लॅम्पवर नाही), दुसरं दिव्याच्या अर्थिंगच्या पिनवर. 0.1 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर परतीच्या वाटेवर अडथळा आहे. मग दुसरं टोक पिनेवरून बोल्टवर, पत्र्यावर, केबलवर, क्लॅम्पवर सरकवत आणा. आकडा जिथे एकदम खाली येतो, त्याच्या आधीच्या जोडात गंज. सेल्फसाठी हेच इंजिनच्या ब्लॉकवर, कुणालातरी चावी मारायला सांगून. इंजिन आणि बॉडीमधली पट्टी सुटलेली असेल तर जुन्या गाड्यांत सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून परततो आणि ती केबल चक्क गरम होते.

वितळलेला कपलर दिसला की "शॉर्ट झालंय" म्हणायची घाई होते. वरच्याच हेडलाइटच्या उदाहरणात त्या अर्ध्या ओहमवर साडेसात वॅट उष्णता तयार होते, तीही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरे, आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. वायर लांबवर भाजली असेल तर शॉर्टकडे बघा, फक्त जोड भाजला असेल तर ढिल्या जोडाकडे.

एक अपवाद मात्र खरा आहे. दोन प्लसच्या वायरी एकमेकींना टेकल्या तर फ्यूज उडत नाही आणि लक्षणं अर्थिंगसारखीच दिसतात. निवाडा सोपा: बॅटरीच्या मायनसपासून एक जाडसर वायर थेट त्या दिव्याच्या अर्थिंग पिनला लावा. लक्षण गेलं तर अर्थिंग. राहिलं तर वायरी चिकटल्यात, मग खुशाल वायरिंग उघडा.

दोष अर्थिंगचा निघाला तर बोल्ट नुसता आवळून भागत नाही. तो काढून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा काचपेपरने चकचकीत करा, रंग राहू देऊ नका, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. कोकणात समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला हे पावसाळ्याआधी करून घेणं बरं. आणि पिवळ्या कपलरच्या वायरींना हात लावू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात, तिथे टेस्टलॅम्प (करंट तपासायचा टोकदार दिवा) टोचायचा नाही.