ओट्याने बोथट केलेली सुरी

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की नवी मुंबईच्या नेरुळमधली सिडकोची जुनी इमारत, स्वयंपाकघरातली एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. सुरी टोमॅटो कापत नाही, चेपते. नवी आणली की काही दिवस सुरेख चालते, मग तिचीही तीच गत. ड्रॉवरमध्ये चार सुऱ्या पडलेल्या असतात आणि धार एकीलाही नसते. दोन पिढ्यांपूर्वीच्या घरांत ही तक्रार इतकी नव्हती, कारण तिथे सुरीपेक्षा विळीचं राज्य होतं. घरच्या घरी धार लावण्याची आज जी गरज भासते तिचं मूळ मला विळी जाण्यात दिसतं.

विळीची रचना पुन्हा एकदा नीट बघण्यासारखी आहे. लाकडी पाट, त्यात ठोकून बसवलेलं वाकडं पातं, बहुतेकदा टोकाला नारळाची खवणी. पाटावर पाय दाबून बसायचं आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर रेटायची. पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. म्हणजे धारेला फक्त भाजी लागते. खाली फळी नाही, ताटली नाही, दगड नाही. सुरीची धार जाते ती कांद्या-बटाट्यामुळे फारशी नाही. कांदा कापून झाल्यावर ती ज्याच्यावर आपटते त्या पृष्ठभागामुळे जाते. विळीत हा आघातच नव्हता. मेथीची जुडी चिरा नाहीतर फणस फोडा, पात्याची कड कशावरही आदळत नसे.

पातं असायचं साध्या पोलादाचं, लोहाराने पाणी दिलेलं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केलेलं. ते गंजायचं. कच्च्या केळ्याने, आवळ्याने, चिंचेने काळं पडायचं. वापरून झालं की पुसून ठेवावं लागे, आणि पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवावं लागे. पण या पोलादाचा एक मोठा गुण होता: ते दगडाला चटकन दाद द्यायचं. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाणी शिंपडून थोडा वेळ घासलं, निसणा नसेल तर विटेचा तुकडा घेतला, की धार परत. फारच गेली असेल तर कानस. हे काम बाईमाणूस, पोर, म्हातारा, कोणीही करत असे आणि ती काही कला आहे असं कोणाला वाटत नसे.

आजही हे बघायचं असेल तर ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला जावं. कोयता चालतो तो लाकडाच्या ठोकळ्यावर. लाकूड पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे घाव जोरात बसला तरी कड मोडत नाही. मध्येच मावशी कोयता ओल्या दगडावर दोन्ही अंगांनी थोडा घासते, पाण्यात बुडवते आणि पुढची सुरमई घेते. धार पूर्ण जाईपर्यंत ती थांबत नाही. धार टिकवण्याचं अर्धं शास्त्र एवढ्यातच आहे.

घराबाहेरची धार ज्यांच्या हातात होती त्यांचाही इतिहास मोठा आहे. गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक; विळे, खुरपी, कोयते त्याच्याकडे. गावोगाव फिरून रस्त्याकडेला भट्टी पेटवणारे घिसाडी होते. आणि शिकलगार होते, ज्यांचं मूळ काम तलवारी, कट्यारी आणि भाल्यांना धार लावणं व झिलई चढवणं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी आली. तलवारीचं काम आटलं तसा हा हात सुरी, कात्री, अडकित्ता आणि वस्तऱ्याकडे वळला. त्यांचं जुनं चाक कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेलं असे. कुरुंद हा खनिज दगड कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, आणि दक्षिण भारतात तो मिळतोही.

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची चाल जुनी. घराघरात शस्त्रं उरली नाहीत, तरी विळी, कोयता, कात्री घासूनपुसून, धार लावून पाटावर मांडायची रीत राहिली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत याच दिवसांत यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. एमआयडीसीची सुरुवात 1962 मध्ये याच वसाहतीतून झाली.

धार लावायच्या चाकातला मोठा बदल अमेरिकेतून आला. एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी 1891 च्या सुमारास वाळू आणि कोळसा विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन कार्बाइड केलं, ज्याला पुढे कार्बोरंडम म्हणू लागले. आता कुरुंद खणून काढायची गरज उरली नाही. हवा तेवढा जाड-बारीक दाणा कारखान्यात मिळू लागला. आपल्या परिसराचाही या गोष्टीशी थेट संबंध आहे. ग्राइंडवेल ही सहाणचाकं बनवणारी कंपनी 1941 मध्ये उभी राहिली ती उरणजवळच्या मोरा इथे. कारखान्यांसाठी बनणारं असलं चाक यथावकाश रस्त्यावरच्या धारवाल्याच्या सायकलवर चढलं. सायकल स्टँडवर चढवायची, पॅडल मारायचं, मागच्या चाकावरून पट्टा फिरतो आणि पुढे बसवलेला लहानसा दगड गरगरू लागतो. ठिणग्या बघायला जमलेली पोरं ठाण्याच्या नौपाड्यातल्या गल्ल्यांनी कितीतरी वर्षं पाहिली आहेत.

चाक बदलत होतं त्या काळात पातंही बदलत होतं. 1913 मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना सुमारे 13 टक्के क्रोमियमचं मिश्रण केलं आणि ते गंजेना. शेफिल्ड हे सुऱ्यांचंच गाव, पण तिथल्या कारागिरांनी सुरुवातीला नाक मुरडलं. न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा माणूस, अशी ब्रेअर्ली यांची टिंगल झाली, कारण नव्या पोलादाला नेहमीच्या रीतीने पाणी देता येत नव्हतं आणि धार धरत नव्हती. ती अडचण पुढे सुटली. तरी स्वस्तातल्या स्टीलच्या सुरीत तिचा अंश अजून आहे: पातं मऊ, त्यामुळे कड लवकर मुडपते, आणि क्रोमियममुळे चिवट, त्यामुळे विटेच्या तुकड्याला ती दाद देत नाही. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत पितळ मागे पडून स्टेनलेस स्टीलची भांडी घरात आली आणि गल्लीतला कल्हईवाला दिसेनासा झाला. धारवाल्याचं काम मात्र या स्टीलने वाढवलं.

मग आला ओटा. मुंबईत सिलिंडरचा गॅस 1955 मध्ये विकायला आला आणि शेगडी सिलिंडरच्या वर, उंचावर ठेवणं भाग पडलं. चुलीपुढे बसणारी बाई उभी राहिली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि वाशीपासून नवी मुंबई वसू लागली, तेव्हा घराच्या नकाशात ओटा गृहीतच होता. उभं राहून काम करण्याने गुडघे वाचले, कंबर वाचली, आणि त्याबद्दल कुणालाही हळहळ वाटू नये. पण उभ्याने विळी चालत नाही. सुरी आली, तिच्या खाली कडाप्पा आला, नंतर ग्रॅनाइट आला. ग्रॅनाइटमधली गारगोटी साध्या स्टीलच्या पात्यापेक्षा कठीण. त्यावर, किंवा स्टीलच्या ताटलीवर, किंवा हल्ली मिळणाऱ्या काचेच्या बोर्डवर कोथिंबीर चिरली की प्रत्येक घावाला कड थोडी दुमडते. धार लावण्याआधी कापायची फळी बदला, लाकडाची नाहीतर साध्या प्लॅस्टिकची घ्या, असं मी सांगते ते यासाठी.

गेटबंद सोसायट्यांनी उरलेला दुवाही सैल केला. धारवाल्याची हाळी विसाव्या मजल्यावर पोचत नाही आणि नोंदीशिवाय वॉचमन त्याला आत सोडत नाही. तो आला तरी नाजूक सुरी त्याच्या कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर द्यावी असं मला वाटत नाही. कड पातळ असल्याने क्षणात तापते. साध्या पोलादावर निळसर झाक दिसली तर तिथलं पाणी उतरलं असं समजावं. ती धार दिसायला लखलखीत असते, पण टिकत नाही, आणि दर खेपेला पातं झिजतं.

म्हणून पुन्हा ओला दगड. ठाणे स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत सुतार रंध्याच्या पात्यासाठी नेतात तो दुतोंडी दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. 1000 दाण्याचा (ग्रिटचा; आकडा मोठा तितका दाणा बारीक) जपानी पद्धतीचा दगड ऑनलाइन मिळतो; घरच्या सुरीला तो एकच पुरतो. दगड भिजवून ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. सुरी आडवी टेकवून तिची पाठ उचलायची. पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे 1 सेंटिमीटर वर आली की साधारण 15 अंशांचा कोन होतो. स्वस्त, मऊ स्टीलला थोडा जास्त, 20 अंशांपर्यंतचा कोन चांगला. मग मुठीपासून टोकापर्यंत, कोन न मोडता, बेताच्या दाबाने घासत जायचं. दुसऱ्या अंगाला बोट पाठीकडून कडेकडे, कधीही कडेच्या लांबीने नाही, हलकेच फिरवलं की बारीक खरखर जाणवते. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती पूर्ण लांबीभर लागली की ते अंग झालं, मग सुरी उलटायची. शेवटी अगदी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटूनपालटून घासून ती बर उतरवायची. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत, चकाकी नसलेली कड तात्पुरतं काम करते.

हॉटेलातल्या स्वयंपाक्याच्या हातात दिसतो तो लांब स्टीलचा दांडा मुख्यतः मुडपलेली कड सरळ करतो, म्हणून तो रोज फिरवता येतो. खाचेतून सुरी ओढायचं छोटं यंत्र मात्र कडेचं स्टील ओरबाडून काढतं. घाईला ठीक, चांगल्या सुरीला नको. ब्रेड कापायची दातेरी सुरी सपाट दगडावर घासली तर दाते जातात. कात्रीचं गणित तर वेगळंच: दोन पाती एकमेकींवर घासत मिटली पाहिजेत आणि मधला खिळा बेताचा आवळलेला हवा. ती आणि मटणाचा जड कोयता धारवाल्याकडेच द्यावा, गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहवून.