बल्बच्या होल्डरमधली रायफल

एके-२०३ या कलाश्निकोव्ह घराण्यातल्या रायफलीची बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. 'कलाश्निकोव्ह चिखलात पुरा, पाण्यात बुडवा, साफसफाई न करता वर्षानुवर्षं चालते.' अमेठीजवळच्या कोरव्यात या रायफली बनवण्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला, सहा लाखांहून जास्त नगांचा. तेव्हापासून हा मेसेज मला पाच वेळा तरी आला असेल. गंमत अशी, की जिला सफाई लागत नाही म्हणतात, त्या रायफलीच्या मूळच्या, खांद्याला टेकणाऱ्या लाकडी बटच्या पोटात एक कप्पा असतो आणि त्यात सफाईच्या सामानाची डबी. नळीखाली लोखंडी गज असतो, तोही नळी पुसायचाच. रायफलीचा जनक मिखाईल कलाश्निकोव्हने हे सगळं शोभेला दिलं नव्हतं.

आमच्या मजल्यावर तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार काका राहतात. नाशिकरोड-देवळाली पट्ट्यात असे काका दर दुसऱ्या इमारतीत सापडतील. त्यांना फॉरवर्ड दाखवला तर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "अरे, हे लिहिणाऱ्याने आयुष्यात बोल्ट हातात धरलेला नाही."

आता हा बोल्ट म्हणजे काय? काडतूस फुटतं तेव्हा नळीच्या मागच्या तोंडाला घट्ट बसलेलं झाकण, तो बोल्ट. त्या झाकणाला पोटात घेऊन मागेपुढे पळणारा जड ठोकळा, तो बोल्ट कॅरिअर. काका वापरत ती भारतीय लष्कराची इन्सास रायफलसुद्धा याच घराण्यातली.

झाकणावर जोर किती येतो ते बघा. काडतुसातला दाब वातावरणाच्या साधारण साडेतीन हजार पट चढतो. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, बुडाचं आतलं क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटर धरलं, तर बोल्टवर अडीच टनांच्या वर जोर येतो. तीन लहान मोटारी एकावर एक रचून अंगठ्याएवढ्या जागेवर उभ्या केल्यासारखं. आणि हा सगळा भार पेलतात बोल्टच्या तोंडाजवळचे दोन कान. ते खाचेत फिरून अडकतात, बस. आपल्या जुन्या बल्बच्या होल्डरसारखं. बल्ब आत दाबायचा, जरा फिरवायचा, दोन पिना खाचेत बसल्या की ओढून निघत नाही. काढायचा तर उलटा फिरवायलाच हवा.

खरा प्रश्न पुढचा. हा बल्ब सेकंदाला दहा वेळा कोण फिरवतं? हात तर कोणाचा लागत नाही.

इथे मला नाशिकच्या कालिकेची यात्रा आठवते. नवरात्रात तिथे पिळाच्या पट्टीवरची भिंगरी मिळते. पट्टीवरचा छोटा गट्टू बोटाने सरळ वर ढकलायचा, भिंगरी गरगर फिरत उडते. ढकलणं सरळ, फिरणं गोल. पीळ मधे असल्यामुळे एका हालचालीची दुसरी होते. बोल्ट कॅरिअरमध्ये अशीच तिरकी खाच कोरलेली असते आणि बोल्टचा एक खुंट त्या खाचेत अडकलेला असतो. गोळी नळीतून पुढे गेली की नळीतल्या एका भोकातून थोडा वायू वरच्या नळकांड्यात शिरतो, दट्ट्यावर आदळतो, दट्ट्याला जोडलेला कॅरिअर सरळ मागे पळतो. खाच तिरकी, म्हणून खुंटाला बाजूला सरकावंच लागतं, आणि बोल्ट साधारण ३५ अंशांतून फिरून सुटतो. मशीन शॉपमध्ये आम्ही याला कॅम म्हणतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत असे कॅम दिवसाला शेकड्याने निघत असतील, पण इतक्या कमी जागेत इतकं काम करणारा मी दुसरा पाहिलेला नाही.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट खाचेच्या सुरुवातीला आहे. तिथला काही भाग तिरका नाही, सरळ आहे. एके घराण्यात कॅरिअर पहिले साडेपाच मिलिमीटर नुसताच मागे जातो, बोल्टला हातही लावत नाही. का? गोळी नळीत असते सुमारे एक सहस्रांश सेकंद. समजा कॅरिअरचा त्या टप्प्यातला सरासरी वेग सेकंदाला चार मीटर, तर साडेपाच मिलिमीटर जायला त्याला १.४ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात गोळी बाहेर, दाब खाली, पुंगळी नळीच्या भिंतीवरून सैल. मग झाकण उघडायला हरकत नाही. आधी उघडलं असतं तर अडीच टन नेमबाजाच्या चेहऱ्याकडे आले असते. शिवाय कॅरिअर बोल्टपेक्षा कितीतरी जड. त्यामुळे तो धावत येऊन हलक्या बोल्टला उचलतो तेव्हा त्याचा वेग फारसा मोडत नाही, संवेग शिल्लक राहतो. थोडी घाण, थोडी वाळू वाटेत आली तरी ती चिरडून तो पुढे जातो. फॉरवर्डमधलं अर्धसत्य हे एवढंच आहे. कॅमचा पीळ किती उभा ठेवायचा, घर्षणकोनाशी त्याचं नातं काय, यावर मी आणखी चार पानं लिहू शकतो, पण संपादक रागावतील.

घाण येते कुठून? धूररहित दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो, पण पुरेसा नसतो, म्हणून पूर्ण ज्वलन होत नाही आणि काजळी उरते. वर पितळी पुंगळीची भुकटी, गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा लेप. एकेमध्ये गरम वायू पुढेच दट्ट्यावर आदळून बाहेर पडतो, बोल्ट त्या मानाने स्वच्छ राहतो. अमेरिकेच्या एम-१६ मध्ये मात्र वायू बारीक नळीतून थेट कॅरिअरच्या पोटात सोडलेला. १९६० च्या दशकात ती व्हिएतनामला गेली तेव्हा तिला सफाई फारशी लागत नाही अशी हवा होती, आणि सैनिकांना सफाईचं सामानच पुरेसं दिलेलं नव्हतं. दारू बदलली, काजळी वाढली, काडतूस बसतं त्या चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, दमट हवेत गंज. पुंगळ्या अडकू लागल्या आणि बंद पडलेल्या रायफलीशी झटापट करताना माणसं मेली. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, मग क्रोम आला आणि सामानाच्या डब्याही आल्या.

आपल्याकडे अशी रायफल सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही, पण सफाईची रीत कळायला सोपी आहे. काकांनी ती जेवणाच्या टेबलावर लाटण्या-चमच्यांनी करून दाखवली. आधी मॅगझिन काढायचं, मग चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी बघायचं. "पहले खाली कर, फिर बात कर," हे त्यांनी तीनदा म्हटलं. मग वरचं झाकण, मग स्प्रिंग, मग कॅरिअर पूर्ण मागे ओढून वर उचलायचा, दट्ट्यासकट बाहेर येतो. शेवटी बोल्ट कॅरिअरच्या आत दाबून फिरवायचा, म्हणजे खुंट खाचेतून सुटतो आणि बोल्ट पुढून निघतो. म्हणजे पुन्हा तोच बल्ब.

पुसताना कानांच्या कडा बघायच्या, तडा किंवा एका बाजूलाच झीज आहे का. पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखालची काजळी टोकदार काडीने काढायची. आणि एक छान परीक्षा: बोल्ट आपल्या कानाजवळ धरून हलवायचा, आतली, काडतूस फोडणारी फायरिंग पिन खुळखुळली पाहिजे. या घराण्यात ती मोकळीच ठेवलेली असते. आत ग्रीसचा चिखल साचला आणि पिन पुढे अडकून बसली, तर बोल्ट बंद होतानाच, ट्रिगरला हात न लावता, काडतूस फुटू शकतं. म्हणून भरपूर तेल म्हणजे भरपूर काळजी नव्हे. तेलाचा हात फिरवायचा आणि पुसून घ्यायचा.

याच कारणाने खंडेनवमीला मला धडधडतं. आमच्या शॉपमध्ये लेथच्या बेडवर, थेट तेलावर हळदकुंकू पडतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी ती लाल लापशी खरवडत बसतो. पूजेला माझी हरकत नाही. सरकत्या भागावर भुकटी टाकायला आहे. यंत्राला त्यातली श्रद्धा कळत नाही, फक्त कण कळतात.

गंजाला पाऊसच लागतो असंही नाही. निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो त्या पहाटे चष्मा लावून बाहेरून उबदार स्वयंपाकघरात या, काचा धुरकटतात. थंड पोलादाचंही तेच होतं, फक्त आपल्याला दिसत नाही. बाहेरून आणलेली रायफल लगेच पुसून ठेवली तर अर्ध्या तासाने तिच्यावर दव पुन्हा धरतं. आधी ती खोलीइतकी गरम होऊ द्यायची, मग पुसायची. जुन्या काळी काडतुसाच्या बुडाशी असणाऱ्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्यातून मागे राहणारं पोटॅशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेई, म्हणून त्या काळचे सैनिक नळीत उकळतं पाणी ओतत. मीठ तेलाने विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. आताच्या टोप्यांमध्ये ते मीठ नाही, पण बहुतेकींत शिशाचं संयुग असतं, आणि त्याची राख बोटांना लागते.

काका त्यामुळे सफाईनंतर साबणाने दोनदा हात धुवूनच चहाला बसत. निवृत्तीला बारा वर्षं झाली, अजूनही सायकलची चेन पुसली तरी दोनदा धुतात, आणि काकू आतून विचारतात, "किती गोळ्या झाडल्या आज?"