बोगद्यातला संक्षोभ आणि पत्र्यालगतचा संक्षोभ

विंड टनेल, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून चाचणी घेण्याचा बोगदा. त्यावरचे जुने अमेरिकी सरकारी अहवाल वाचताना ‘टर्ब्युलन्स’, म्हणजे संक्षोभ, हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. मी स्वतः बरेच दिवस त्या दोन्ही एकच समजत होतो आणि आकडे काही केल्या जुळत नव्हते.

पहिला संक्षोभ वाऱ्यातच असतो. बोगद्यात मॉडेल ठेवलेलं नसलं तरी तो असतो, कारण पंख्याची पाती, वळणं आणि भिंती हवा ढवळत असतात. दुसरा मॉडेलच्या अंगालगत जन्माला येतो. पृष्ठभागाला टेकलेली हवा जागची हलत नाही आणि काही मिलिमीटर वर मात्र वारा पूर्ण वेगाने वाहतो. मधल्या या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. सुरुवातीला तो पत्त्यांच्या चवडीसारखा थरांवर थर सरकत जातो आणि पुढे कुठेतरी विस्कटतो. पहिला संक्षोभ प्रयोगशाळेची उणीव आहे. दुसरा हवेचा स्वभाव.

घोटाळा होतो तो पहिला दुसऱ्याला लवकर जागं करतो म्हणून. 1912 च्या सुमारास पॅरिसमध्ये गुस्ताव आयफेल यांनी साध्या गोळ्यावर मोजलेला हवेचा विरोध जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की विरोध एकदम घसरतो, हे आयफेल यांनी दाखवलं. ते का घडतं, हे 1914 मध्ये लुडविग प्रांटल यांनी उलगडलं. त्यांनी गोळ्यावर बारीक तारेचं कडं बसवलं. सीमास्तर विस्कटला आणि विरोध कमी झाला! विस्कटलेला सीमास्तर गोळ्याला जास्त वेळ धरून राहतो, त्यामुळे मागची भोवऱ्यांची शेपटी अरुंद होते. क्रिकेटच्या चेंडूची शिवणही सीमास्तर असाच विस्कटते, पण एकाच बाजूला. म्हणून तो स्विंग होतो.

मग वेगवेगळ्या बोगद्यांत ही घसरण वेगवेगळ्या वेगाला का होई? वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ह्यू ड्रायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1929-30 मध्ये याचा छडा लावला. केसाहून बारीक प्लॅटिनमची तार विजेने तापवून वाऱ्यात धरायची. वेग वाढला की ती निवते, कमी झाला की तापते, आणि तिचा विद्युतरोध त्याप्रमाणे बदलतो. तारही निवायला थोडा वेळ घेते, म्हणून त्या दिरंगाईची भरपाई करणारं सर्किट त्यांनी जोडलं. मला या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे ‘हा बोगदा जरा खराब आहे’ या तक्रारीला टक्केवारी मिळाली. वाऱ्यातले चढउतार सरासरी वेगाच्या किती टक्के, हे सांगता येऊ लागलं. ज्या बोगद्यात ही टक्केवारी जास्त, तिथे गोळ्याचा विरोध लवकर घसरे. मोकळ्या हवेत ती घसरण रेनल्ड्स अंक (वेग, आकार आणि हवेची चिकटता यांचा एकत्रित हिशेब देणारी संख्या) सुमारे 3,85,000 असताना होते. बोगद्यात तो आकडा जितका खाली, तितका वारा गढूळ.

आता दुसऱ्या संक्षोभाकडे. सीमास्तर विस्कटण्याआधी त्यात लहान, नियमित लाटा उठून वाढत जातात, असं जर्मन शास्त्रज्ञ टॉलमिन यांनी 1929 मध्ये आणि श्लिख्टिंग यांनी 1933 मध्ये गणिताने मांडलं होतं. प्रयोगात त्या कुणाला दिसत नव्हत्या, त्यामुळे अनेकांना हा सिद्धांत पटत नव्हता. दोष बोगद्यांचा होता. त्यांच्यातल्या खळबळीने लाटा उठण्याआधीच थर मोडून पडत होता.

1940-41 मध्ये ब्युरोतच शूबॉवर आणि स्क्रॅमस्टॅड यांनी वाऱ्याच्या वाटेत बारीक जाळ्यांचे पडदे एकामागोमाग लावून संक्षोभ 0.03 टक्क्यांच्या आसपास आणला. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्यात चढउतार ताशी जेमतेम 30 मीटर! एवढ्या शांततेत सपाट पत्र्यालगत धरलेल्या तारेने ऑसिलोस्कोपवर नेमक्या त्याच लाटा दाखवल्या. मग त्यांनी ब्राँझची पातळ फीत चुंबकाच्या साहाय्याने थरथरवून हव्या त्या वारंवारतेच्या लाटा स्वतः उठवल्या. त्यातल्या कोणत्या वाढतात आणि कोणत्या विरतात, ते गणिताशी जुळलं. युद्धामुळे हे काम गुप्त राहिलं. 1948 मध्ये ते एन.ए.सी.ए.चा (विमानविद्येसाठीची अमेरिकी सरकारी समिती) अहवाल क्रमांक 909 म्हणून छापलं गेलं. त्यामुळे ब्युरोचं हे संशोधन पुष्कळदा एन.ए.सी.ए.च्या नावावर जमा होतं.

त्या अहवालातले दोन आकडे शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. 0.08 टक्के हा वाऱ्याचा संक्षोभ आहे. 28 लाख हा पत्र्यालगतचा थर विस्कटू लागतो तेव्हाचा रेनल्ड्स अंक. वारा 0.08 टक्क्यांहून आणखी शांत केला तरी हा दुसरा आकडा पुढे सरकला नाही. म्हणजे तिथून खाली बोगद्याची लुडबुड संपली होती आणि उरला तो हवेचा स्वभाव.

विमानात बसल्यावर हादरे बसतात तो संक्षोभ आणखी निराळा. त्यातले भोवरे इतके मोठे असतात की काही मिलिमीटरच्या सीमास्तराला ते सहसा जाणवतही नाहीत, म्हणजे त्याच्या लेखी उड्डाणातली हवा शांतच. म्हणूनच लँग्लीच्या एन.ए.सी.ए. प्रयोगशाळेने कमी संक्षोभाचे बोगदे बांधून सीमास्तर जास्त अंतर शांत ठेवणारे पंखांचे आकार शोधले. मस्टँग लढाऊ विमानाला तसा पंख मिळाला. प्रत्यक्ष उड्डाणात वारा पुरेसा शांत होता, पण पत्र्यातले उंचसखल भाग, धूळ आणि पंखाच्या पुढच्या कडेला चिकटलेले किडे थर लवकर विस्कटवत राहिले.