तीन सेंटिमीटर खाली, आणि सगळे कोन बदलले

फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने दोन सीटची, उघड्या टपाची एक छोटी गाडी दाखवली. तिचं नाव एमएक्स-5, अमेरिकेत मियाटा. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, या अर्थाचा ‘जिनबा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग तिच्या रचनेमागे होता. वजन हजार किलोच्या आत. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं. ही गाडी वळणात इतकी गोड वागते, तरी हौशी मालक पहिल्यांदा काय करतात? आखूड, कडक स्प्रिंगा टाकून तिला खाली बसवतात.

खाली बसवल्याने खरंच किती फरक पडतो? हिशोब सोपा आहे. चालकासकट गाडी 1000 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून 45 सेंमीवर आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर 1.4 मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट जोराने वळण घेतलं, तर आतल्या दोन चाकांवरचा सुमारे 257 किलो भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. गाडी 3 सेंमी खाली घेतली की हा आकडा 240 होतो. वाचले 17 किलो. फायदा खरा आहे, कारण भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही. बाहेरचे टायर जितकी पकड कमावतात, त्यापेक्षा जास्त आतले गमावतात. म्हणून भार जितका कमी सरकेल तितकं बरं. पण एवढ्या खटाटोपाला 17 किलो हे थोडं फळ आहे, आणि चाकांचे कोन नीट लावले नाहीत तर तेही हाती राहत नाही.

कोन का महत्त्वाचे, हे टायरखाली पाहिलं की कळतं. 250 किलोचा भार आणि टायरमध्ये 2 बार हवा असेल, तर टायर रस्त्याला साधारण 120 चौरस सेंटिमीटरमध्ये टेकतो. म्हणजे एका तळहाताएवढी जागा. वळणं, थांबणं, पळणं हे सगळं अशा चार तळहातांवर चालतं. वळणात गाडी बाहेर कलली की बाहेरचं चाकही कलतं आणि तळहाताची एकच कड टेकून राहते. म्हणून चाकाचा माथा मुळातच थोडा आत झुकवून ठेवतात. हा निगेटिव्ह कॅम्बर. 60 सेंमी व्यासाच्या चाकाला एक अंश कॅम्बर म्हणजे माथा जेमतेम 1 सेंमी आत. डबल विशबोनमध्ये वरचा आर्म आखूड असतो, त्यामुळे स्प्रिंग दबली की माथा आपोआप आत येतो. गाडी खाली बसवणं म्हणजे स्प्रिंग कायमची थोडी दाबून ठेवण्यासारखंच, म्हणून कॅम्बर न मागता वाढतो. त्याच वेळी टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा, आणि आर्म वेगवेगळ्या कमानींतून फिरतात आणि चाकाची दिशाही ढळते. वरून पाहिलं तर चाक सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर जेवढं वळलेलं असतं, तो टो. म्हणजे टो बिघडतो.

टायर सर्वांत जास्त खातो तो हा टोच. चाक फक्त 0.1 अंश तिरकं असलं, तर दर किलोमीटरमागे ते जवळजवळ पावणेदोन मीटर आडवं घासत जातं. नव्या टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये तारेपर्यंत झिजते, तेव्हा लोक कॅम्बरला दोष देतात. बहुतेक वेळा खरा चोर टो असतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वळणात गाडीचा सांगाडा ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलतो, त्याला रोल सेंटर म्हणतात. त्याची जागा आर्मच्या तिरकेपणावर ठरते. गाडी 3 सेंमी खाली आली की गुरुत्वमध्य 3 सेंमीच उतरतो, पण अनेक गाड्यांत रोल सेंटर त्याहून जास्त उतरतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत, म्हणजे जिथे वरच्या आर्मऐवजी शॉक अब्सॉर्बरचा खांबच चाकाला धरतो, हे ठळकपणे घडतं. दोघांमधलं अंतर, म्हणजे कलवणारी तरफ, लांबते. म्हणून स्प्रिंगांची ताकद पुरेशी न वाढवता गाडी खाली घेतली, तर ती वळणात आधीपेक्षा जास्त कलू शकते. शिवाय चाकाला वर जायला जागा उरत नाही. खड्ड्यात, नाहीतर ऐन वळणात, सस्पेन्शन रबरी बंप स्टॉपवर आदळतं. स्प्रिंग क्षणात दगडासारखी कडक होते आणि त्या चाकाची पकड सुटते. स्प्रिंगा कापणं हे मला गाडीवरचा अन्यायच वाटतो.

एमएक्स-5 ची मोठी सोय म्हणजे तिच्या खालच्या आर्मचे विकेंद्री बोल्ट, म्हणजे फिरवले की आर्मला थोडं आत-बाहेर सरकवणारे बोल्ट. त्यांनी पुढे कॅम्बर आणि कास्टर, मागे कॅम्बर आणि टो बदलतात. पुढचा टो टाय रॉडवर लावतात. कास्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या फोर्कला असतो तसा कल. तो वाढवला की स्टिअरिंग फिरवताना बाहेरच्या चाकाला जास्तीचा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो आणि सरळ रेषेत ब्रेक लावताना टायर सपाट टेकलेला राहतो. त्यामुळे आधी कास्टर वाढवावा, उरलेलं कॅम्बरवर सोडावं. पुढे टो शून्य ठेवला की गाडी चटकन वळते. मागे मात्र किंचित टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं जराशी आत वळलेली, हवाच. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, फक्त 2265 मिमी आहे. मागची चाकं टो-आउट, म्हणजे बाहेर वळलेली, असतील तर शेपूट क्षणात पुढे येते.

कामाचा क्रम चुकवू नये. हवा तपासायची, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाची पोती ठेवायची, आधी मागची चाकं, मग पुढची, आणि टो सर्वांत शेवटी. स्प्रिंगा बदलल्यावर बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी हवी तेवढी बसत नाही आणि बुश लवकर फाटतो.

कोन मोजणाऱ्या यंत्रावर हिरवा आकडा आला तरी निकाल टायरच देतो. ट्रॅकवर काही फेऱ्या मारून लगेच टायरचं तापमान आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला मोजतात. बाहेरची कड जास्त तापली तर कॅम्बर कमी पडतोय, आतली फारच तापली तर जास्त झालाय. मधला भाग सर्वांत गरम असेल तर हवा जास्त आहे. आतली कड थोडीशीच गरम मिळाली, की पाने-पक्कड पेटीत ठेवायला हरकत नाही.