एक्स-रे नॉर्मल, तरीही दम लागतो

दोन जिने चढले की धाप लागते. छातीचा एक्स-रे काढला, तर तो स्वच्छ. मग कधी दम्याचा पंप, कधी रक्तवाढीच्या गोळ्या, कधी 'वजन कमी करा' हा सल्ला. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जुन्या गुठळ्या अडकलेल्या कित्येक रुग्णांचं वर्षभर, कधी त्याहून जास्त, असंच निघून जातं.

फुफ्फुसात हवा पोहोचली म्हणजे अर्धंच काम झालं. ती घ्यायला रक्तही यावं लागतं. बसल्या जागी मिनिटाला सुमारे 5 लिटर, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त, फुफ्फुसांतून फिरून जातं. पायाच्या शिरेतली गुठळी सुटली तर ती हृदयाच्या उजव्या बाजूतून इथेच येऊन अडकते. साध्या फिल्मवर हवा काळी आणि हाडं पांढरी दिसतात. रक्त वाहतंय की अडलंय, ते कळत नाही. गुठळीपलीकडचा भाग रक्ताअभावी जरा जास्त काळा दिसतो, हे स्वीडनच्या निल्स वेस्टरमार्क यांनी 1938 मध्ये नोंदवलं होतं. पण ही खूण फार थोड्या रुग्णांत सापडते.

म्हणून आज दोन तपासण्या करतात. एक, शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडून सीटी. दुसरी व्ही-क्यू स्कॅन: टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे सूक्ष्म कण रक्तात सोडायचे आणि ते फुफ्फुसात कुठे पोहोचले, हे गॅमा कॅमेऱ्याने पाहायचं. जुन्या गुठळ्यांसाठी ही दुसरी तपासणी फार भरवशाची आहे, पण गॅमा कॅमेरा असतो मोठ्या शहरात. गडचिरोलीच्या रुग्णाला त्यासाठी नागपूर गाठावं लागणार.

जपानी संशोधकांनी इथे एक्स-रेलाच पुन्हा हाताशी धरलं. कानाझावा विद्यापीठातल्या रिए तानाका आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं या तंत्रावर काम करत आहेत. त्याचं नाव डायनॅमिक चेस्ट रेडिओग्राफी. रुग्ण नेहमीसारखाच छाती टेकवून उभा राहतो. 'मोठा श्वास घ्या, रोखून धरा.' त्या सहा-सात सेकंदांत एका फोटोऐवजी सेकंदाला 15 या वेगाने हलक्या मात्रेचे फोटो निघतात.

यातली कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते. श्वास थांबलेला आहे, म्हणजे फुफ्फुसातली हवा स्थिर आहे. चालू आहे ते फक्त हृदय. प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट फुफ्फुसात शिरते. रक्त हवेपेक्षा जास्त क्ष-किरण अडवतं, त्यामुळे ती जागा क्षणभर किंचित उजळते आणि लाट ओसरली की पुन्हा काळवंडते. हा फरक डोळ्यांना दिसतच नाही इतका बारीक. संगणक मात्र प्रत्येक ठिपका पुढच्या-मागच्या फोटोंशी ताडून पाहतो आणि चढउताराला रंग देतो. निरोगी फुफ्फुसं ठोक्यागणिक रंगाने भरतात. गुठळीमागचा तुकडा मात्र कोराच राहतो, बहुतेकदा पाचरीच्या आकाराचा. सुई नाही, औषध नाही. किरणोत्सर्गही व्ही-क्यू स्कॅन किंवा सीटीपेक्षा बराच कमी.

क्युशू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी फुफ्फुसातला रक्तदाब वाढलेल्या 50 रुग्णांवर हे तंत्र तपासलं. दाब वाढण्याचं कारण जुन्या गुठळ्या आहेत का, हे ओळखण्यात ते व्ही-क्यू स्कॅनच्या जवळपास तोडीचं ठरलं. पन्नास हा आकडा लहानच आहे, पण हा आजार वेळेत ओळखण्याला फार मोल आहे. फुफ्फुसातला रक्तदाब वाढण्याच्या इतर बहुतेक कारणांत औषधांवरच भिस्त असते, इथे मात्र शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होऊ शकतो. शरीर 20 अंशांच्या आसपास थंड करतात, रक्ताभिसरण थोडा वेळ पूर्ण थांबवतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली गुठळी सालीसारखी सोलून काढतात.

ताज्या गुठळीने अचानक कोसळलेल्या रुग्णासाठी मात्र सीटीच हवा. ज्याला धड बोलता येत नाही, तो सात सेकंद श्वास कसा रोखणार? शिवाय हे चित्र सपाट असतं, हृदयामागचा भाग त्यात झाकला जातो. आणि गावच्या दवाखान्यातलं साधं मशीन यासाठी चालत नाही. क्ष-किरणांची भराभर स्पंदनं सोडणारी नळी, तितक्याच वेगाने चित्र टिपणारं पॅनेल आणि वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पण खोली तीच आणि उभं राहायची पद्धतही तीच.