माडबनच्या सड्यावरचा हिशेब

राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प उभा करायचा बेत फ्रान्सशी झालेल्या २०१० च्या कराराच्याही आधीपासून चालू आहे. प्रत्येकी १,६५० मेगावॅट, एकूण ९,९००. कोयनेची सगळी मिळून क्षमता १,९६० मेगावॅट, म्हणजे एका सड्यावर पाच कोयना. या प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही खरे मुद्दे मांडतात, तरी वाद मिटत नाही. कारण फायदा अख्ख्या पश्चिम भारताच्या ग्रिडला वाटून जातो आणि तोटा चार-पाच गावांच्या वाट्याला येतो. हिशेबाची वही कोणत्या गावात उघडली, यावर उत्तर बदलतं.

फायद्याची बाजू भक्कम आहे. कोळशाच्या विजेमागे दर युनिटला आठशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अणुविजेत युरेनियमच्या खाणीपासून सगळं धरलं तरी हा आकडा बारा ग्रॅमच्या आसपास राहतो. शिवाय रात्री, भर पावसाळ्यातही वीज चालू. एवढीच वीज वर्षभरात सौर पॅनलमधून काढायची तर अंदाजे चाळीस हजार मेगावॅटचे पॅनल लागतील आणि ते जमिनीवर मांडायला साठ हजार हेक्टरच्या पुढे जागा. जैतापूरसाठी घेतलेली जमीन साडेनऊशे हेक्टरच्या आत आहे. चंद्रपूरकरांनी वर्षानुवर्षं जी राख आणि धूर सोसला, तो या विजेत नाही. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आहे, तेव्हा हे तंत्र आपल्याला नवखंही नाही.

आता समुद्राकडे वळू. प्रकल्पाच्या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं ते या पाण्याबद्दल. जैतापूरच्या एका भट्टीत ४,५९० मेगावॅट उष्णता तयार होते आणि तिच्यातून वीज मिळते १,६५० मेगावॅट. हा काही या भट्टीचा दोष नाही, वाफेवर चालणाऱ्या कुठल्याही वीजकेंद्राचं थोडंफार असंच असतं. उरलेली २,९०० मेगावॅटच्या वरची उष्णता समुद्राच्या पाण्याने वाहून न्यायची. ते पाणी सात अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर एका भट्टीला सेकंदाला सुमारे एक लाख लिटर पाणी लागतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात फिरणारे दहा हजार लिटरचे दहा टँकर दर सेकंदाला, आणि सहा भट्ट्यांना साठ. रात्रंदिवस.

पंपांत ओढलं जाणारं हे पाणी नुसतं पाणी नसतं. त्यात माशांची अंडी असतात, पिल्लं असतात, तरंगणारे सूक्ष्म जीव म्हणजे प्लवक असतं. राजापूर खाडीच्या मुखाशी असलेल्या साखरी नाटेच्या होड्या याच किनाऱ्याजवळ मासेमारी करतात. गरम पाण्याचा पट्टा किती दूर पसरेल आणि सुरक्षेसाठी समुद्राचा किती भाग बंद होईल, हे तिथल्या मच्छीमारांचे प्रश्न अगदी रास्त आहेत. जमीनमालकांची भरपाई २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली गेली. समुद्राला मात्र सातबारा नसतो. एप्रिल २०११ मध्ये याच नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला, हेही या हिशेबात लिहावंच लागेल.

त्याआधी महिनाभरच जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला होता. भट्टी बंद केली तरी इंधनातल्या किरणोत्सारी तुकड्यांचं विघटन थांबत नाही. बंद करताच मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत राहते, म्हणजे या आकाराच्या भट्टीत तीनशे मेगावॅट. दिवसभराने ती वीस-पंचवीस मेगावॅटवर येते, पण त्यानंतरही बराच काळ पंप थांबून चालत नाही. फुकुशिमात त्सुनामीने नेमकी पंपांची वीज तोडली. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून पंचवीसेक मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे लाटेची भीती बरीच कमी. भूकंपाबाबत इतकं निश्चिंत राहता येत नाही. १९६७ चा कोयनेचा धक्का कोकणाने अनुभवला आहे.

माझ्या मते खरी अडचण पैशात आहे. याच जातीची भट्टी फ्रान्समधल्या फ्लामनविल इथे २००७ मध्ये बांधायला घेतली. ३.३ अब्ज युरोत, २०१२ पर्यंत पुरी होणार होती. ग्रिडला जोडली गेली ती डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ती बांधणाऱ्या कंपनीच्याच हिशेबाने नुसता बांधकामाचा खर्च तेरा अब्जांवर गेला. फिनलंडमधली तशीच भट्टी २००५ ला बांधायला घेतली, ती २०२३ मध्ये नियमित चालू झाली. अणुविजेत इंधन स्वस्त पडतं, बांधकाम महाग. उशीर झाला की व्याज चढतं आणि ते शेवटी आपल्याच वीजबिलात येतं.

मी अणुऊर्जेच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच मला जैतापूरचा हा आकार पटत नाही. गुजरातेत काक्रापारला आपल्याच बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या दोन भट्ट्या चालू झाल्या आहेत. त्यांनाही उशीर झाला, पण आराखडा आपला, सुटे भाग बहुतांश इथलेच, आणि दोन भट्ट्यांचा अनुभव घेऊन तिसरी बांधायची की नाही हे ठरवता येतं. माडबनलाही आधी दोनच बांधाव्यात. त्यापूर्वी सलग काही वर्षं नाटेच्या मच्छीमारांना सोबत घेऊन खाडीमुखाचं तापमान आणि हंगामी मासळी मोजावी. तारापूरच्या किनाऱ्यावर सोडलेल्या पाण्याचं रोजचं तापमान कुणालाही पाहता येईल असं जाहीर करावं. आणि विजेच्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक पैसे, केंद्र चालू असेपर्यंत, साखरी नाटे आणि माडबनच्या ग्रामपंचायतींकडे थेट जमा व्हावेत.