तेल संपण्याआधी काय संपतं?

‘जगातलं तेल आणखी पन्नास वर्षं पुरेल’ ही बातमी दर दोन-चार वर्षांनी नव्याने छापून येते. ज्ञात साठ्याला वार्षिक उत्पादनाने भागलं की हा आकडा मिळतो. 1980च्या सुमारास हाच भागाकार तीसच्या आसपास येत होता. ती तीस वर्षं कधीच उलटली, तेल संपलं नाही, आणि त्यावरून अनेकांनी टंचाईची सगळी चर्चाच खोटी ठरवली. घाबरणारे आणि निर्धास्त असणारे, दोघंही जमिनीखाली किती शिल्लक आहे एवढंच मोजतात. समाजाच्या हाती प्रत्यक्ष काय लागतं हे दुसऱ्याच एका आकड्यावर ठरतं. सामान्य नागरिकाला किती मोकळेपणाने जगता येईल, हेही बऱ्याच अंशी त्याच आकड्यावर अवलंबून आहे, असं माझं ठाम मत आहे.

तो आकडा म्हणजे ऊर्जा-परतावा. अभ्यासकांच्या बोलण्यात ‘ईआरओआय’. विहीर खणायला, पोलादी नळ्या घडवायला, पंप चालवायला, तेल शुद्ध करायला ऊर्जा लागते. अशा खर्चलेल्या एका एककामागे किती एककं हाती आली, तो परतावा. ही कल्पना रुजवणारे अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स हॉल आधी माशांच्या स्थलांतराचा अभ्यास करत होते. पोहण्यात जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा स्थलांतरातून होणारी कमाई जास्त असेल, तरच माशांचा तो खटाटोप पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शेतकरी पुढच्या पेरणीचं बियाणं आधी बाजूला काढतो, तसा ऊर्जेच्या उत्पन्नातूनही पुढच्या ऊर्जेचा खर्च आधी काढावा लागतो. उरेल ते समाजाचं.

आता थोडं गणित, कारण सगळी मेख त्यात आहे. परतावा E असेल, तर समाजाला उरणारा वाटा 1 − 1/E. परतावा 100 असेल तर 99 टक्के उरतात, 50 असेल तर 98, 20 असेल तर 95. म्हणजे परतावा पाचपटीने घसरला तरी समाजाला जेमतेम चार टक्क्यांचा फरक पडतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पुढे बघा: 10 ला 90, 5 ला 80, 3 ला 67, 2 ला 50. या वक्राचा उतार 1/E² असतो. परतावा 50 वरून 49 झाला तर उरणारा वाटा 0.04 टक्क्याने घटतो. 5 वरून 4 झाला तर तब्बल पाच टक्क्यांनी. बराच काळ सपाट वाटणारी वाट अचानक कड्यावर येते.

सोपे साठे माणूस आधी उपसतो, म्हणून परतावा घसरतो. सुरुवातीच्या तेलविहिरींचा परतावा प्रचंड होता; डांबरी वाळूतून काढलेल्या तेलाचा एक आकडी अंदाजला जातो, आणि मक्यापासूनच्या इथेनॉलचा एकाच्या थोडाच वर. सौर आणि पवन ऊर्जेचे आकडे अभ्यासागणिक बदलतात, कारण बॅटऱ्या आणि वीजवाहिन्या हिशेबात धरायच्या की नाहीत यावर मतभेद आहेत. धातूंचंही असंच: खनिजातलं तांब्याचं प्रमाण निम्मं झालं, की तेवढ्याच तांब्यासाठी दुप्पट खडक फोडावा लागतो.

पाण्यावर चालणाऱ्या मोटारीचा दाबून ठेवलेला शोध अधूनमधून फोनवर फिरत येतो. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. तो पुन्हा सुटा करायला किमान तेवढीच ऊर्जा घालावी लागते जेवढी तो जाळून मिळते, म्हणजे परतावा एकाच्या वर जाऊच शकत नाही. हे कुणी दडपलेलं नाही, निसर्गाचाच नियम तसा आहे.

आता या गणिताचा स्वातंत्र्याशी संबंध. एका समाजाकडे 100 एकक ऊर्जा येते असं धरू. त्यातली 70 अन्न, पाणी, औषधं आणि रस्ते-पूल शाबूत ठेवणं या अटळ गोष्टींत जातात, हे माझं गृहीतक. परतावा 20 असताना 95 उरतात, म्हणजे मोकळी 25. परतावा 5 वर आला की उरतात 80, मोकळी फक्त 10. एकूण वाटा सोळा टक्क्यांनी घटला, पण मोकळा वाटा साठ टक्क्यांनी. आणि परतावा 3.3 झाला की मोकळं काहीच उरत नाही. तेल तेव्हाही जमिनीतून येतच असतं.

याच मोकळ्या वाट्यावर तरुणपणी शिकत राहणं, गाव सोडून दुसरीकडे नशीब काढणं, न पटणारी नोकरी सोडणं, वर्तमानपत्र काढणं, न्यायालयात वर्षानुवर्षं झगडणं शक्य होतं. कायद्यातलं कलम लिहायला ऊर्जा लागत नाही. ते वापरायला लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9.5 युनिट उष्णता असते. इंजिनाने त्यातलं पाव भाग काम काढलं, तरी ते एका मजुराच्या चार दिवसांच्या कष्टाइतकं होतं. खनिज इंधनाआधी काहींची मोकळीक इतरांच्या शरीरांवर उभी होती: प्राचीन अथेन्सच्या आरमाराला जवळच्या लॉरियॉनच्या खाणींतली चांदी पुरली, ती गुलामांनी उपसलेली होती. उलट बाजूही सांगायला हवी. इंधन आलं म्हणून गुलामी आपोआप गेली नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या वाफेवर चालणाऱ्या कापडगिरण्यांनी अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेल्या कापसाची मागणी वाढवलीच. ऊर्जेने शक्यता निर्माण होते, ती कुणाच्या वाट्याला येते हे सत्ता ठरवते.

म्हणून वरच्या उदाहरणात आणखी एक पायरी. मोकळ्या 25 एककांतली निम्मी, म्हणजे 12.5, वरच्या थोड्या लोकांकडे आहेत आणि ती सोडायची नाहीत इतकी ताकद त्यांच्याकडे आहे. मग बाकी सगळ्यांचा मोकळा वाटा परतावा 5.7 वरच शून्य होतो. वरच्यांचं जगणं तसूभरही बदललेलं नसतं. विशेषाधिकार असलेल्यांना टंचाई खरीच वाटत नाही, याचं कारण या आकड्यांत आहे. यात लबाडी असेलच असं नाही. त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नसते.

ऊर्जेच्या प्रवाहाची नस कुणाच्या हातात आहे, यावरही राजकारण फिरतं. 1912 मध्ये ब्रिटनच्या सुमारे दहा लाख खाणकामगारांनी संप केला आणि सरकारला किमान वेतनाचा कायदा करावा लागला. कोळसा त्यांच्याच हातातून जात होता. तेल नळातून वाहतं, त्याला माणसं कमी लागतात, म्हणून तसा दबाव आणणं अवघड झालं. 2024 मध्ये जगात खपलेल्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा इराणलगतच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून गेला. सौर पॅनेल छपरा-छपरावर विखुरता येतात, पण त्यांच्या निर्मितीतला 80 टक्क्यांहून जास्त वाटा चीनकडे आहे.

टंचाईत लोकशाह्या काय करतात, याची झलक 1973 मध्ये दिसली. अरब देशांच्या तेलबंदीनंतर नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत रविवारी खासगी गाड्यांना रस्त्यावर बंदी आली. डॉक्टरांसारख्यांना सवलत होती. उदारमतवादी मनाला ही सरळ गळचेपी वाटते. मला ती किंमत वाढवून तेल वाटण्यापेक्षा स्वातंत्र्याला जास्त जवळची वाटते. किंमत वाढली की ज्याच्याकडे पैसा त्याची मोकळीक शाबूत आणि दुसऱ्याची पूर्ण बंद. रविवारी मात्र महागडी गाडी आणि जुनी डबडी दोन्ही दारातच उभ्या.

2021च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेत वीजजाळं कोसळण्याच्या बेतात आलं, तेव्हा वस्त्याच्या वस्त्या अंधारात गेल्या. रुग्णालयासारख्या अत्यावश्यक ठिकाणाच्या वाहिनीवर योगायोगाने असलेली घरं उजेडात राहिली. ह्यूस्टनमधले रिकामे कार्यालयीन मनोरे झगमगत होते. वीजकेंद्रांना वायू पुरवणाऱ्या काही सुविधांचीच वीज तोडली गेली, कारण अत्यावश्यक यादीत त्यांची नोंद नव्हती. कुणाचं आधी तोडायचं हे तांत्रिक याद्यांनी ठरवलं होतं, आणि त्या याद्यांवर नागरिकांचं मत कधीच घेतलं गेलं नव्हतं.

टंचाई म्हणजे हुकूमशाही अटळ, असं म्हणणाऱ्यांना मी एलिनॉर ऑस्ट्रम यांचं काम दाखवते. सामायिक साधनांचं व्यवस्थापन लोक स्वतः कसं करतात, यावरच्या संशोधनासाठी त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी अभ्यासलेल्या स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी जलन्यायालय भरतं, शतकानुशतकं. सुनावणी तोंडी, निकाल तिथल्या तिथे. पाणी भरपूर असताना एक नियम, कमी झालं की पाळीचा दुसरा, आणि तीव्र दुष्काळात ज्याचं पीक सर्वांत अडचणीत त्याला आधी. न्यायाधीश शेतकऱ्यांनीच निवडलेले, स्वतः शेती करणारे असतात. तक्रार ज्या कालव्यावरची, त्या कालव्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही.